माहुलीचा घाट आणि स्मशान

लंडनच्या जुन्या दफनभूमी काठोकाठ भरल्या, बंद पडल्या. १८८४ साली कायदा झाला की अशा जागेवर इमारत उठवायची नाही. मग कबरींचे दगड कडेच्या भिंतींना टेकवून तिथे बागा झाल्या. आपल्याकडे बहुतेकांना अग्नी देतात, राख नदीत जाते, जागा मोकळी होते. मग साताऱ्याजवळ संगम माहुलीला एवढ्या समाध्या कुठून आल्या?

कृष्णा-वेण्णेच्या संगमामुळे. श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी इथे १७३५ साली विश्वेश्वराचे देऊळ बांधले. पुढे १५ डिसेंबर १७४९ रोजी छत्रपती शाहू वारले आणि त्यांची चिता इथेच रचली गेली. राणी सकवारबाई त्यांच्याबरोबर सती गेल्या. नानासाहेब पेशव्यांना सकवारबाईंचा विरोध होता, आणि त्यांचे जाणे कोणाच्या पथ्यावर पडले, हे इतिहासकार ग्रँट डफने लपवलेले नाही. १७६१ साली गेलेल्या महाराणी ताराबाईंची समाधीही इथेच आहे. चिता पेटली तिथे चौथरा, त्यावर वृंदावन, अशी ही रीत. राख नदीला दिली तरी ती जागा आपली म्हणून राखायची. पण काठ नदीचा, त्यामुळे कृष्णेला पूर आला की समाध्या पाण्याखाली जातात, गाळाने भरतात. राजा असो की राणी, नदी सगळ्यांना एकाच मापाने मोजते.

देवळाजवळची एक समाधी कुत्र्याची आहे. त्याने शाहूंना वाघापासून वाचवले, असे सांगतात. पोशाखाचा तोरा मिरवणारा एक सरदार भेटीला आला, तेव्हा महाराजांनी दागिने आणि पगडी त्या कुत्र्यालाच चढवली, अशीही कथा आहे. मला तरी इथल्या सगळ्या थोरांमध्ये हाच जवळचा वाटतो.

१८१७ च्या ऑगस्टमध्ये पेशवा दुसरा बाजीराव आणि इंग्रज अधिकारी माल्कम यांची भेटही याच माहुलीत झाली. काही महिन्यांतच पेशवाईचे इंग्रजांशी युद्ध पेटले.

कृष्णा इथून खाली सांगलीकडे जाते. तिथे हरिपूरला वारणा तिला मिळते, आणि त्या संगमावरही संगमेश्वराचे देऊळ आहे. सांगलीकरांना हरिपूरची वाट फिरायला जाण्याची. माहुलीची वाट मात्र सातारकरांना फिरायलाही आणि अंत्ययात्रेलाही चालावी लागते. लंडनने आधी स्मशान बंद केले, मग बाग केली. माहुलीत बंद काहीच झाले नाही. कोणी देवदर्शनाला येतो, कोणी घाटावर बसायला, आणि साताऱ्यातली अंत्ययात्राही आज इथल्याच कैलास स्मशानभूमीत येते.