ब्राझील : तटस्थतेपासून इटलीच्या रणभूमीपर्यंत

दुसऱ्या महायुद्धाच्या इतिहासात लॅटिन अमेरिकेचा उल्लेख सहसा ओझरताच येतो. मात्र या खंडातील ब्राझीलने सुमारे २५ हजार सैनिक युरोपात धाडून प्रत्यक्ष लढाईत भाग घेतला. मेक्सिकोने फिलिपिन्समध्ये लढाऊ विमानांचे एक पथक पाठविले होते; परंतु पायदळ रणांगणावर उतरविणारा लॅटिन अमेरिकी देश ब्राझील हा एकच. १९३९ मध्ये तटस्थता जाहीर करणारा हा देश तीनच वर्षांत युद्धात कसा ओढला गेला, हे पाहणे उद्बोधक आहे.

त्या काळी ब्राझीलची सूत्रे जेतुलिओ वार्गास यांच्या हाती होती. १९३० मध्ये सत्तेवर आलेल्या वार्गास यांनी नोव्हेंबर १९३७ मध्ये संसद बरखास्त करून 'एस्तादो नोवो' म्हणजे 'नवे राज्य' या नावाने हुकूमशाही प्रस्थापित केली. तिच्यावर युरोपातील फॅसिस्ट राजवटींची छाप उघड दिसत होती. जर्मनी हा ब्राझीलच्या कापसाचा व कॉफीचा मोठा ग्राहक होता आणि ब्राझीलच्या सैन्याने जर्मनीतील क्रुप कारखान्याकडे तोफांची मागणी नोंदविली होती. दुसरीकडे अमेरिकेशीही जुने व्यापारी संबंध होते. वार्गास यांनी या दोन्ही सत्तांना झुलवत ठेवून देशाचा लाभ साधण्याचे धोरण अवलंबिले. जून १९४० मध्ये फ्रान्स कोसळत असताना त्यांनी केलेले भाषण तर अनेकांना जर्मनीच्या बाजूने झुकणारे वाटले.

तथापि ब्रिटिश नौदलाच्या नाकेबंदीमुळे जर्मनीशी होणारा व्यापार जवळजवळ थांबला. शिवाय औद्योगिकीकरणासाठी ब्राझीलला हवा होता पोलादाचा कारखाना. सप्टेंबर १९४० मध्ये अमेरिकेने त्यासाठी दोन कोटी डॉलरचे कर्ज देऊ केले आणि वोल्ता रेदोंदा येथील प्रकल्पाचा मार्ग मोकळा झाला. अमेरिकेलाही ब्राझीलची निकड होती. नकाशा पाहिला असता ब्राझीलचा ईशान्य कोपरा आफ्रिकेच्या दिशेने पुढे आलेला दिसतो. तेथील नाताल शहरापासून आफ्रिकेचा पश्चिम किनारा सुमारे तीन हजार किलोमीटरवर आहे. त्यामुळे नातालजवळचा पार्नामिरिम विमानतळ पुढे अमेरिकी विमानांच्या वाहतुकीचा महत्त्वाचा दुवा ठरला.

डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि समतोल राखणे अशक्य झाले. जानेवारी १९४२ मध्ये अमेरिका खंडातील परराष्ट्रमंत्र्यांची परिषद रिओ द जानेरो येथे भरली. तिच्या समारोपाच्या वेळी, २८ जानेवारीस, परराष्ट्रमंत्री ओस्वाल्दो अरान्या यांनी जर्मनी, इटली व जपान यांच्याशी संबंध तोडल्याची घोषणा केली. ही युद्धघोषणा नव्हती. परंतु त्यानंतर ब्राझीलची व्यापारी जहाजे जर्मन पाणबुड्यांच्या तडाख्यात सापडू लागली.

निर्णायक घटना ऑगस्ट १९४२ मध्ये घडली. 'यू-५०७' या जर्मन पाणबुडीने बाहिया व सर्जिपे प्रांतांच्या किनाऱ्याजवळ अवघ्या काही दिवसांत एकामागून एक जहाजे बुडविली. त्यांत ६०० हून अधिक माणसे प्राणास मुकली. संतप्त जनता रस्त्यावर उतरली, विद्यार्थ्यांनी युद्धाची मागणी केली, तर जर्मन व इटालियन मालकीची दुकाने जमावाच्या रोषाला बळी पडली. २२ ऑगस्ट १९४२ रोजी ब्राझीलने जर्मनी व इटली यांच्याविरुद्ध युद्धस्थिती जाहीर केली.

सैन्य उभारण्यास वेळ लागला. 'साप विडी ओढील तेव्हा ब्राझील लढेल' अशी थट्टा त्या काळी केली जात असे. सैनिकांनी ती थट्टाच शिरोधार्य मानली आणि पाइप ओढणारा साप हे आपल्या दलाचे बाहुचिन्ह केले. जनरल मास्कारेन्यास दे मोराइस यांच्या नेतृत्वाखालील या दलाची पहिली तुकडी जुलै १९४४ मध्ये नेपल्सला उतरली. हे दल अमेरिकेच्या पाचव्या सैन्यात सामील झाले. उष्ण प्रदेशातून आलेल्या या जवानांना अपेनाइन पर्वतातील बर्फाचा अनुभव नव्हता. गरम कपडेही अमेरिकनांकडून घ्यावे लागले. एक गोष्ट मात्र लक्षणीय होती. अमेरिकी सैन्यात गोऱ्या व कृष्णवर्णीय सैनिकांच्या तुकड्या वेगळ्या असत, तर ब्राझीलच्या तुकड्यांत ते एकत्र लढत होते.

सेर्किओ नदीच्या खोऱ्यात प्रारंभीचे यश मिळाल्यानंतर खरी कसोटी लागली ती मोंते कास्तेल्लो या डोंगरावर. नोव्हेंबर व डिसेंबर १९४४ मधील हल्ले फसले. अखेर २१ फेब्रुवारी १९४५ रोजी तो काबीज झाला. एप्रिलमध्ये मोंतेसे गावासाठी घनघोर लढाई झाली. महिनाअखेरीस फोर्नोवो येथे जर्मनीच्या १४८ व्या डिव्हिजनने ब्राझिलियन सैन्यापुढे शरणागती पत्करली आणि सुमारे पंधरा हजार सैनिक युद्धकैदी झाले. ब्राझीलच्या वैमानिकांनीही थंडरबोल्ट विमानांतून याच आघाडीवर कामगिरी बजावली.

मराठी वाचकांस ही आघाडी अपरिचित नाही. डिसेंबर १९४४ मध्ये याच सेर्किओ खोऱ्यात आठवी भारतीय डिव्हिजन मदतीस धावली होती. तिच्यातील मराठा लाइट इन्फंट्रीचे शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी गाजविलेल्या शौर्याबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

या मोहिमेत ब्राझीलचे साडेचारशेहून अधिक जवान कामी आले. युद्धाची झळ घरीही पोहोचली होती. आशियातील रबर जपानच्या ताब्यात गेल्याने ईशान्य ब्राझीलमधील पन्नास हजारांहून अधिक मजूर रबर गोळा करण्यासाठी अ‍ॅमेझॉनच्या जंगलात पाठविले गेले. मलेरियाने व हालअपेष्टांनी त्यांतील हजारो दगावले. या 'रबर सैनिकां'ना निवृत्तिवेतनाचा हक्क मिळाला तो थेट १९८८ च्या राज्यघटनेने.

परदेशात हुकूमशाहीविरुद्ध लढणाऱ्या देशात स्वतःची हुकूमशाही कशी चालणार, हा प्रश्न अटळ होता. २९ ऑक्टोबर १९४५ रोजी सैन्यानेच वार्गास यांना पायउतार केले आणि डिसेंबरमध्ये निवडणुका झाल्या. परंतु इतिहासाची गती सरळ नसते. इटलीच्या मोहिमेतील एक अधिकारी उंबेर्तो कास्तेलो ब्रांको हेच १९६४ च्या लष्करी उठावानंतर राष्ट्राध्यक्ष झाले आणि पुढील एकवीस वर्षे देश लष्करी अमलाखाली राहिला.

इटलीत पडलेल्या सैनिकांचे दफन पिस्तोइया येथे झाले होते. १९६० मध्ये त्यांचे अवशेष मायदेशी आणण्यात आले. आज ते रिओ द जानेरोच्या समुद्रकिनारी, त्यांच्यासाठी उभारलेल्या स्मारकात विसावले आहेत.