भाराभर चिंध्या आणि वाटाण्याची कुंडी

परवा लेकीवर जरा जास्तच ओरडले. दोन वर्षं कॉमर्स, मग फोटोग्राफी, मग कुंभारकाम, आणि आता म्हणे ॲनिमेशन शिकायचंय! "एक ना धड भाराभर चिंध्या," तोंडातून निघून गेलं. ती काही बोलली नाही. जेवलीही नाही.

रात्री झोप येईना म्हणून दादासाहेब फाळक्यांविषयी वाचत बसले, आणि चपापलेच. हे गृहस्थ म्हणजे चिंध्यांचं गाठोडंच की! जन्म १८७० सालचा, त्र्यंबकेश्वरचा. आधी जे. जे.मध्ये चित्रकला, मग बडोद्याचं कलाभवन, तिथे फोटोग्राफी. गोध्र्याला स्टुडिओ काढला, तर प्लेगमध्ये बायको आणि मूल गेलं. पुढे पुरातत्त्व खात्यात नोकरी, रविवर्म्यांच्या छापखान्याचं काम, मग स्वतःचा छापखाना. मधेच जादूचे प्रयोग, 'प्रोफेसर केळफा' या नावाने (आडनाव उलटं वाचा!). १९०९ला छपाईचं तंत्र शिकायला जर्मनीची वारी, आणि परत आल्यावर भागीदारांशी बिनसलं. वय चाळीस, हातात शून्य. आमच्या नातेवाइकांनी काय काय म्हटलं असतं, कल्पनाच करवत नाही.

तेवढ्यात मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा मूकपट पाहिला, आणि डोळ्यांसमोर कृष्ण उभा राहिला. ही गोष्ट आपण सगळे 'प्रतिभेचा झटका' म्हणून सांगतो. मला मात्र त्यानंतरची जास्त आवडते. १९१२ला लंडनहून कॅमेरा घेऊन आले खरे, पण सिनेमाला पैसा कोण देणार? मग त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्यासमोर कॅमेरा लावला. रोज थोडं थोडं चित्रण. पडद्यावर मात्र रोप मिनिटभरात सरसर वाढलं! ते पाहून पैसे देणारा तयार झाला. ३ मे १९१३ला 'राजा हरिश्चंद्र' कोरोनेशन थिएटरात लागला.

विचार केला, तर त्या कुंडीत सगळ्या चिंध्या होत्या. प्रकाश फोटोग्राफीतला, गंमत जादूगाराची, नजर चित्रकाराची. नवं सुचणं म्हणजे बहुधा हेच, जुन्याच चिंध्यांची गोधडी शिवणं. पण शिवायला रोज बसावं लागतं. रोज त्याच कुंडीसमोर, काही घडत नसताना!

आणि गोधडी फुकट शिवली जात नाही. विम्याची पॉलिसी गहाण पडली. दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाई सगळ्या चमूचा स्वयंपाक करून रात्री फिल्मला भोकं पाडत बसायच्या. त्यांचं नाव पडद्यावर कुठे? स्वतः फाळके १९४४ला नाशिकला गेले ते विस्मरणात आणि हलाखीत. हे लेकीला सांगायचं की नाही, यावर बराच वेळ अडले.

सकाळी सगळंच सांगितलं. म्हटलं, हवं ते शीक, पण एक कुंडी निवड आणि महिनाभर रोज तिच्यासमोर बस. ती हसली. "आई, तू तुझी कोणती निवडणार?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. संध्याकाळी मात्र डब्यातले चार वाटाणे भिजत घातलेत. बघू.