तीन दारे, एक परवाना : नोकरी सांभाळून पदवी मिळवणाऱ्या अमेरिकी परिचारिकांचा इतिहास

#थ्रेड

१९६०च्या दशकात अमेरिकेतील एखादी अनुभवी परिचारिका पदवीसाठी विद्यापीठाच्या प्रवेश कचेरीत गेली, तर तिला बहुधा एकच उत्तर मिळे : पहिल्या वर्षापासून सुरुवात करा. तिने रुग्णालयाच्या शाळेत तीन वर्षे काढलेली असत. राज्याची परीक्षा देऊन परवाना मिळवलेला असे आणि रात्रपाळीत अख्खा वॉर्ड एकटीने सांभाळलेला असे. विद्यापीठाच्या हिशेबात यातले काहीच जमा होत नसे. तिथे ती नुकतीच शाळा संपवून आलेल्या अठरा वर्षांच्या मुलीच्या रांगेत उभी राही.

आज तीच परिचारिका पाळी संपवून घरी येते आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर संगणक उघडून पदवीचा अभ्यास करते. ‘आरएन टू बीएसएन’ म्हणजे नोंदणीकृत परिचारिकेला विज्ञान पदवीपर्यंत नेणारा जोड-अभ्यासक्रम. अमेरिकेत असे शेकडो अभ्यासक्रम आहेत आणि त्यातला परवडणारा कोणता, हा तिथल्या नर्सिंगमधला नित्याचा प्रश्न आहे. मात्र दोन काठ वेगळे असल्याशिवाय पुलाची गरज पडत नाही. हे काठ वेगळे कसे झाले आणि पुलाचा खर्च परिचारिकेच्याच माथी कसा आला, त्याची ही हकिकत.

सुरुवात १८७३ सालची. त्या वर्षी न्यू यॉर्क, न्यू हेवन आणि बॉस्टन येथे फ्लोरेन्स नाइटिंगेलच्या विचारांवर आधारलेल्या तीन प्रशिक्षण शाळा उघडल्या. नाइटिंगेलच्या कल्पनेत शाळेला स्वतःचे स्वतंत्र स्थान होते. अमेरिकी रुग्णालयांनी मात्र त्या कल्पनेतला वेगळाच लाभ हेरला. शाळा काढली की विद्यार्थिनी मिळतात, आणि विद्यार्थिनी मिळाल्या की वॉर्ड चालवायला जवळजवळ फुकट मनुष्यबळ मिळते. राहणे, जेवण आणि थोडासा हातखर्च यांच्या बदल्यात मुली दिवसाचे दहा-बारा तास राबत. व्याख्याने दिवसभराच्या कामानंतर, थकलेल्या डोळ्यांसमोर होत. तीन वर्षांनी पदविका हाती पडे आणि त्या जागी नवी तुकडी येई. प्रशिक्षित परिचारिकेला पगार देऊन ठेवण्याची रुग्णालयाला गरजच नसे. पदविका घेतलेल्या बहुतेक जणी श्रीमंत घरांत खासगी शुश्रूषेची कामे शोधत.

ही व्यवस्था कोणाला खटकली नाही असे नाही. १९०३ साली नॉर्थ कॅरोलायना राज्याने परिचारिकांच्या नोंदणीचा पहिला कायदा केला. १९०७ साली ॲडलेड नटिंग कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात प्राध्यापक झाल्या. हे पद मिळवणाऱ्या त्या जगातील पहिल्या परिचारिका मानल्या जातात. १९२३ सालच्या गोल्डमार्क अहवालाने रुग्णालयाची गरज आणि विद्यार्थिनीचे शिक्षण यांतला विरोध उघडपणे मांडला. १९४८ साली एस्थर ल्यूसिल ब्राउन यांनी, नर्सिंगचे शिक्षण उच्च शिक्षणाच्या प्रवाहात आणावे, असा निर्वाळा दिला. अहवालांचे स्वागत झाले, चर्चा झाल्या. रुग्णालयांच्या शाळा मात्र चालूच राहिल्या, कारण त्यांच्या बंद होण्याची किंमत रुग्णालयांना मोजावी लागली असती.

दुसऱ्या महायुद्धाने तुटवडा तीव्र केला. १९४३च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या कॅडेट नर्स कोअरमधून सुमारे १ लाख २४ हजार परिचारिका सरकारी खर्चाने तयार झाल्या. परिचारिकेच्या शिक्षणाचा खर्च सार्वजनिक तिजोरीतून करता येतो, हे तेव्हाच सिद्ध झाले होते. युद्ध संपले आणि ती योजनाही संपली.

यानंतर या इतिहासात मिल्ड्रेड माँटॅग यांचा प्रवेश होतो. टीचर्स कॉलेजमधील आपल्या प्रबंधात त्यांनी एक नवी कल्पना मांडली. दोन वर्षांच्या कनिष्ठ महाविद्यालयांतून ‘तंत्रज्ञ’ परिचारिका तयार करावी, तिचे काम मर्यादित असावे, आणि गुंतागुंतीची जबाबदारी पदवीधर परिचारिकेकडे राहावी. १९५२ साली प्रायोगिक अभ्यासक्रम सुरू झाले. ते इतके यशस्वी ठरले की कम्युनिटी कॉलेजांनी ते भराभर उचलले. शुल्क कमी होते आणि कॉलेज घराजवळ होते. रुग्णालयांच्या अनेक शाळा विवाहितांना दार बंद करीत. इथे विवाहित स्त्रिया, मुलांच्या आया, वयाने मोठ्या स्त्रिया आणि पुरुषही प्रवेश घेऊ लागले. शिक्षणाचे इतके खरेखुरे लोकशाहीकरण या व्यवसायात पूर्वी झालेले नव्हते.

पण माँटॅग यांच्या योजनेतला निम्माच भाग अमलात आला. दोन प्रकारच्या परिचारिका तयार झाल्या, दोन प्रकारचे परवाने मात्र कधीच आले नाहीत. रुग्णालयाची पदविका, दोन वर्षांची सहयोगी पदवी किंवा चार वर्षांची विद्यापीठीय पदवी, यांपैकी कोणत्याही दाराने या. परीक्षा एकच, परवाना एकच, गणवेश एकच आणि पुष्कळदा पगारही जवळजवळ एकच. शिवाय माँटॅग यांच्या मते सहयोगी पदवी हा स्वतंत्र, पूर्ण टप्पा होता. तिच्यापुढे शिडी असावी असे मूळ आराखड्यातच नव्हते.

डिसेंबर १९६५ मध्ये अमेरिकन नर्सेस असोसिएशनने आपली भूमिका जाहीर केली : व्यावसायिक परिचारिकेसाठी किमान पात्रता विद्यापीठाची पदवी असावी. त्या वेळी काम करणाऱ्या परिचारिकांपैकी बहुसंख्य पदविकाधारक होत्या. आपल्याच संघटनेने आपल्याला एका रात्रीत ‘तांत्रिक’ पायरीवर उतरवले, अशी भावना त्यांच्यात पसरली, आणि ती अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. रुग्णालये आणि कम्युनिटी कॉलेजेही विरोधात उभी राहिली. परवान्याचे नियम प्रत्येक राज्याच्या हाती असल्यामुळे संघटनेचा ठराव कागदावरच राहिला. एकट्या नॉर्थ डकोटाने १९८०च्या दशकात नव्या परिचारिकांना पदवी सक्तीची केली. २००३ साली तेथील विधिमंडळाने तीही अट मागे घेतली.

कायदा बदलला नाही, बाजार मात्र बदलला. वॉर्डप्रमुख, शिक्षिका, सामुदायिक आरोग्यसेवा, लष्करातील अधिकारपद अशा प्रत्येक वरच्या जागेसाठी पदवी मागितली जाऊ लागली. पुढे जायचे तर परिचारिकेने पुन्हा शिकावे, पण नोकरी सोडून शिकणे तिला परवडणारे नव्हते. जे काम येते तेच पुन्हा शिकण्यासाठी पैसे मोजावेत, हे तर तिला अपमानास्पद वाटे. १९८० साली डोनिया शेन यांनी या परतलेल्या विद्यार्थिनींच्या मनःस्थितीला ‘पुन्हा शाळेत जाण्याचा लक्षणसमूह’ असे नावच दिले : आधी नवलाई, मग संताप, मग बहुतेकींच्या बाबतीत तडजोड. रोगनिदानाची भाषा शिक्षण घेणाऱ्यांना लावावी आणि तशा शिक्षणव्यवस्थेला लावू नये, यातली गंमत तेव्हा किती जणांच्या ध्यानात आली असेल कोण जाणे.

१९७०च्या दशकाच्या प्रारंभी दोन वेगवेगळे मार्ग निघाले. पहिला कॅलिफोर्नियात. सोनोमा येथील राज्य महाविद्यालयाने केवळ परवानाधारक परिचारिकांसाठी पदवीची शेवटची दोन वर्षे उघडली. ‘दुसरी पायरी’ या नावाने ही पद्धत ओळखली गेली. परिचारिकेला येणारे काम मान्य करून पुढचे शिकवायचे, हे तिचे सूत्र होते.

दुसरा मार्ग न्यू यॉर्कमध्ये निघाला, आणि तो जास्त धाडसी होता. १९७० साली राज्याचे शिक्षण आयुक्त झालेले इवाल्ड नायक्विस्ट यांनी अशी पदवी सुचवली, जिच्यामागे महाविद्यालयाची इमारत नसेल, वर्ग नसतील, हजेरीपट नसेल. माणूस काय जाणतो ते तपासायचे. ते तो कुठे शिकला, हे विचारायचे नाही. फोर्ड आणि कार्नेगी प्रतिष्ठानांच्या साहाय्याने ‘रीजेंट्स बाह्य पदवी योजना’ उभी राहिली आणि १९७२ साली तिच्या पहिल्या पदव्या दिल्या गेल्या. लवकरच केलॉग प्रतिष्ठानाच्या मदतीने तिच्यात नर्सिंग आले.

नर्सिंगसारखा विषय परीक्षेपुरता कसा शिकवायचा, किंवा अधिक नेमके बोलायचे तर न शिकवता कसा तपासायचा, हा खरा पेच होता. लेखी परीक्षेत उत्तम गुण मिळवणारी व्यक्ती सलाइन नीट लावील, याची हमी कोण देणार? या योजनेच्या नर्सिंग विभागाच्या प्रमुख कॅरी लेनबर्ग यांनी त्यावर प्रत्यक्ष कौशल्याची परीक्षा रचली. सहयोगी पदवीच्या उमेदवाराला ठरलेल्या रुग्णालयात शनिवार-रविवारला जोडून सुमारे अडीच दिवस खऱ्याखुऱ्या रुग्णांची शुश्रूषा करावी लागे. परीक्षक शेजारी उभे असत. प्रत्येक कृतीचे निकष आधीच छापील स्वरूपात दिलेले असत, आणि कळीचा एखादा निकष चुकला तर तो भाग अनुत्तीर्ण. धाक एवढा मोठा की उमेदवारांमध्ये तिची तयारी हाच एक स्वतंत्र अभ्यासक्रम होऊन बसला.

विद्यापीठीय नर्सिंगच्या वर्तुळात यावर बरीच टीका झाली. वर्गाशिवाय, शिक्षकाच्या सहवासाशिवाय व्यावसायिक घडतो का, हा आक्षेप पोकळ नव्हता. परंतु ग्रामीण भागातली, लष्करी तळावरची किंवा सतत रात्रपाळी करणारी परिचारिका वर्गात येणार तरी कशी, याचे उत्तर टीकाकारांपाशीही नव्हते. नॅशनल लीग फॉर नर्सिंगची अधिस्वीकृती या अभ्यासक्रमाला मिळाली आणि वाद पुष्कळसा निवळला. हीच संस्था पुढे रीजेंट्स कॉलेज झाली, १९९८ साली राज्यापासून स्वतंत्र झाली आणि २००१ पासून एक्सेल्सियर या नावाने ओळखली जाते.

इंटरनेट आले तेव्हा या पायावर घर बांधणे सोपे होते. नफ्यासाठी चालणाऱ्या विद्यापीठांनी ही बाजारपेठ आधी ओळखली, आणि त्यांच्या शुल्काच्या आकड्यांत ती ओळख स्पष्ट दिसे. दुसऱ्या टोकाला, १९९७ साली पश्चिमेकडील राज्यांच्या गव्हर्नरांनी मिळून वेस्टर्न गव्हर्नर्स युनिव्हर्सिटी स्थापली. तिथे शुल्क विषयागणिक नव्हे, तर सहामाहीगणिक ठरते. त्या सहा महिन्यांत जितके विषय पार पाडता येतील तितके पाडावेत. अनुभवी परिचारिकेला हे गणित फायद्याचे, कारण जे येते ते लवकर आटोपता येते. लहान मुले आणि बदलत्या पाळ्या सांभाळणारीला मात्र तेच उलटे पडू शकते. २००१ साली फ्लोरिडाने कम्युनिटी कॉलेजांना काही विषयांत पदवी देण्याची मुभा दिली, त्यात नर्सिंग होते. स्वस्त शिक्षणाचे दार पुन्हा एकदा त्याच संस्थांनी उघडले, ज्यांनी ते १९५२ साली उघडले होते.

पैशाच्या या गोष्टीत करकायद्याचे एक लहानसे कलम फार महत्त्वाचे आहे. मालकाने कर्मचाऱ्याच्या शिक्षणासाठी दिलेली मदत करमुक्त धरावी, असे १९७८ साली ठरले. तात्पुरती म्हणून आलेली ही सवलत वारंवार संपली, वारंवार वाढवली गेली आणि २०१३ साली कायमची झाली. तिची वार्षिक मर्यादा १९८६ साली ५,२५० डॉलर ठरली आणि पुढची जवळजवळ चार दशके तिथेच अडकून राहिली. शिक्षणाचे शुल्क या काळात कितीतरी पटींनी वाढले. आजही अमेरिकी परिचारिका परवडणारा अभ्यासक्रम शोधते तेव्हा रुग्णालय वर्षाला किती देते आणि त्या बदल्यात किती वर्षे तिथेच राहण्याचा करार करून घेते, हे आधी पाहते. मग आधीचे किती श्रेयांक धरले जातात ते विचारते, कारण पाच विषय नाकारले गेले तर स्वस्त वाटलेला अभ्यासक्रम महाग होतो. अधिस्वीकृती तर तपासावीच लागते. ती नसेल तर पुढे पदव्युत्तर प्रवेशाच्या वेळी सारे मुसळ केरात.

२००३ साली लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पदवीधर परिचारिकांचे प्रमाण १० टक्क्यांनी अधिक असेल, तिथे शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाचा ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ५ टक्क्यांनी कमी आढळली. संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झाले असे नव्हे, हा आक्षेप लगेच घेतला गेला. तरीही १९६५ पासून प्रतिष्ठेच्या भाषेत चाललेला वाद यानंतर रुग्णाच्या जिवाच्या भाषेत बोलला जाऊ लागला. २०१० साली इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०२० पर्यंत ८० टक्के परिचारिका पदवीधर असाव्यात असे लक्ष्य सुचवले. तेव्हा हे प्रमाण सुमारे ५० टक्के होते. मुदत संपली तेव्हा लक्ष्य गाठले गेले नव्हते, पण ऑनलाइन जोड-अभ्यासक्रमांचे पेव फुटले होते.

हे कोडे अमेरिकेपुरते नाही. भारतात जीएनएम पदविका घेतलेल्या परिचारिकेला ‘पोस्ट बेसिक बी.एस्सी.’ हा असाच पूल ओलांडावा लागतो, आणि इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने नोकरीतील परिचारिकांसाठी तो दूरशिक्षणाने उपलब्ध केला होता. नागपूर-नाशिककडच्या वॉर्डांतून अभ्यासरजेसाठी अर्ज करणाऱ्या सिस्टरांना रीजेंट्सची ही कहाणी परकी वाटू नये.

अखेर १९६५चा ठराव कायद्यात उतरला तो न्यू यॉर्कमध्ये, डिसेंबर २०१७ मध्ये, आणि तोही वळसा घेऊन. तीनही दारे उघडीच राहिली. फक्त नव्याने परवाना घेणाऱ्या परिचारिकेने दहा वर्षांच्या आत पदवी मिळवावी, अशी अट आली. आधीपासून काम करणाऱ्यांना सूट मिळाली. कायद्याने मुदत ठरवली, शुल्क कोणी भरावे हे ठरवले नाही. कॅलिफोर्नियात २०२४ साली काही कम्युनिटी कॉलेजांना प्रायोगिक तत्त्वावर नर्सिंगची पदवी देऊ देणारी विधेयके विधिमंडळात संमत झाली, आणि गव्हर्नरांनी ती सही न करता परत पाठवली. न्यू यॉर्कच्या नव्या अटीखाली आलेल्या पहिल्या परिचारिकांची दहा वर्षे २०३०च्या सुमारास भरतील.