आणेवारीची कुळकथा

सोळा आणे म्हणजे पुरे, हा हिशेब नाण्यावरून आला. रुपयाचे आणे सोळा. म्हणून सामाईक जमिनीतला भाऊबंदांचा हिस्सा आण्यांत सांगत आणि शेतातले पीकही. चांगल्या सालाच्या मानाने यंदा किती पिकले, हा अंदाज म्हणजे आणेवारी. वर्गवारी, टक्केवारी यांतली ‘वारी’ तीच.

सारा रोख आणि ठरीव झाला, तेव्हा या अंदाजावर घर तगायचे की बुडायचे हे ठरू लागले. मुंबई इलाख्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांच्या पाहणीने जमिनीवरचा सारा ३० वर्षांसाठी बांधला. सातारचे राज्य १८४८ मध्ये खालसा झाल्यावर तीच पद्धत तिथे आली. पाऊस पडो न पडो, हप्ता ठरलेला. १८७६–७८ च्या दुष्काळानंतर पीक बुडाल्यास वसुली तहकूब करण्याच्या नियमांना जोर आला. १८९६ च्या दुष्काळात पुणे सार्वजनिक सभेची माणसे रयतेला हे हक्क सांगत गावोगाव फिरली. पुढच्याच साली सरकारने सभेची मान्यता काढून घेतली. १९१८ चा खेडा जिल्ह्यातला सत्याग्रह तर याच आकड्यावर पेटला. पीक चार आणे किंवा कमी असल्यास वसुली थांबवावी, असा नियम होता. रयत म्हणे पीक चाराच्या आत आहे, अधिकारी म्हणत वर आहे. आकडा ठरवणारा तोच वसूल करणारा, हे या पद्धतीचे मूळ दुखणे.

१९५७ मध्ये दशमान नाणी आली आणि कागदावर ‘पैसेवारी’ झाली. आठ आण्यांचे ५० पैसे झाले. माण, खटाव, जत, आटपाडी या दुष्काळी तालुक्यांत बोलताना मात्र आणेवारीच.

आकडा निघतो तो पीक कापणी प्रयोगातून. निवडलेल्या शेतात दोरी लावून चौकोन आखतात, त्यातली बाजरीची कणसे कापून, मळून दाणे तोलतात. चौकोन विहिरीकाठी पडला तर आकडा चढतो, माळावर पडला तर उतरतो. आणि अख्ख्या गावाला आकडा एकच. आज शेतसारा नाममात्र आहे, पण दुष्काळ जाहीर झाला की साऱ्याच्या सुटीबरोबर कर्जाचे पुनर्गठन, कृषिपंपाच्या वीजबिलात ३३.५ टक्के सवलत आणि मुलांच्या परीक्षा शुल्काची माफी मिळते. म्हणून आकड्यावरचा रोष आजही तितकाच खरा आहे.

२०१७ पासून मात्र राज्यात दुष्काळ ठरवताना पावसाची तूट, जमिनीतली ओल आणि उपग्रहाने टिपलेली हिरवळ आधी पाहतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये या निकषांवर ४० तालुके जाहीर झाले. त्यांत वाई, खंडाळा, शिराळा, कडेगाव, खानापूर आणि मिरज होते. माण, जत आणि आटपाडी नव्हते.