क्षयाची सुई आणि रुग्णाचे कान

क्षयावर औषध नव्हते त्या काळी मोकळी हवा, सकस अन्न आणि विश्रांती एवढाच उपचार होता. मिरजेजवळच्या वानलेसवाडीसारखी आरोग्यधामे त्यासाठीच उभी राहिली. १९४३ साली अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठात सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ या तरुण संशोधकाने मातीतील सूक्ष्मजीवापासून स्ट्रेप्टोमायसिन वेगळे केले. (१९५२चे नोबेल पारितोषिक एकट्या वॅक्समन यांना मिळाले, ती कथा निराळी.)

१९४८ साली ब्रिटनमधील चाचणीचा अहवाल प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांत, हे औषध मिळालेल्या ५५ रुग्णांपैकी चार दगावले; केवळ विश्रांती घेणाऱ्या ५२ पैकी चौदा. मात्र त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे, आणि आम्हांस ती अधिक बोलकी वाटते: औषध घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक रुग्णांना चक्कर येऊ लागली होती. आतील कानात तोल सांभाळणाऱ्या आणि ऐकणाऱ्या सूक्ष्म केसपेशी या वर्गातील औषधांनी मरतात. मेलेल्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. तोल कमी बिघडावा म्हणून डायहायड्रोस्ट्रेप्टोमायसिन निघाले, तर त्याने बहिरेपण आणले.

तरीही औषध हवेच होते. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. तेथे आधी पेनिसिलीन आणि पुढे स्ट्रेप्टोमायसिनही तयार होऊ लागले. ज्या घरांतून क्षयाने एकेक माणूस नेले होते, त्यांना ही सुई वरदानच वाटली असल्यास नवल नाही.

खरी कसोटी नंतर आली. नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या क्षयासाठी २००७ साली महाराष्ट्रात आणि गुजरातेत शासकीय उपचार सुरू झाले. त्यांत स्ट्रेप्टोमायसिनच्याच कुळातील कॅनामायसिनचे इंजेक्शन महिनोन्महिने घ्यावे लागे. दरम्यान कानांची तपासणी होत राहावी, हे शास्त्र सांगतेच. पण महागावच्या शेतमजुराने मजुरी बुडवून वारंवार यवतमाळ गाठावे, ही अपेक्षा कागदावरच शोभते. कान गेल्याचे बहुधा घरच्यांनाच आधी कळते; हाक मारली तरी माणूस वळत नाही.

मुंबईच्या पत्रकार नंदिता वेंकटेशन यांची श्रवणशक्ती २०१३ साली याच औषधाने गेली. कॅनामायसिन वापरू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली सांगितले. म्हणजे चक्कर येण्याच्या त्या पहिल्या नोंदीनंतर तब्बल सत्तर वर्षांनी! भारतातही हळूहळू केवळ गोळ्यांचे उपचार रुळले. त्यांतील बेडाक्विलिन २०१६ साली निवडक केंद्रांत, शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयासह, मिळू लागले. ही गोळी कान घेत नाही. हृदयाच्या ठोक्यांवर मात्र तिचा परिणाम होऊ शकतो, म्हणून वेळोवेळी हृदयाचा आलेख काढावा लागतो.

या गोळीवरील पेटंट २०२३ साली संपणार होते. कंपनीने ते लांबवू पाहिले तेव्हा नंदिता आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी २०१९ साली हरकत नोंदविली. टिसिले यांनाही क्षयाच्या उपचारातच बहिरेपण आले होते. मार्च २०२३मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला आणि त्याच वर्षी येथील कारखान्यांना ही गोळी बनविण्याची वाट मोकळी झाली.