अण्णा, डार्विन आणि गांडूळ

एखाद्या माणसाला कणा नाही असं सांगायचं झालं की आपण मराठी माणसं त्याला 'गांडूळ' म्हणून मोकळे होतो. आमच्या अण्णांना हा किताब धुळ्याच्या एका कचेरीत मिळाला होता. साहेबाने चारचौघांत झापलं तरी अण्णा "बरं साहेब" म्हणून पुन्हा फायलीत मान घालायचे. मी तेव्हा कॉलेजात, म्हणजे बापाची लाज वाटण्याच्या वयात होतो. म्हटलं, "अण्णा, तुम्ही उलटून बोलत का नाही?" अण्णा म्हणाले, "अरे, गांडूळ वाईट नसतं रे," आणि परसात जाऊन मोरीच्या पाण्यावर वाढलेल्या अळूला भाजीची देठं घालू लागले. त्या अळूखालची माती उकरली की गांडुळंच गांडुळं!

पेन्शनीत निघाल्यावर जळगावच्या घरी गांडूळखत करायचं माझ्या मनाने घेतलं. धुळ्याला जाऊन अळूखालची गांडुळं डालडाच्या जुन्या डब्यात भरली आणि एसटीत बसलो. पारोळ्याला कंडक्टरने विचारलं, "काका, डब्यात काय?" मी म्हणालो, "गांडुळं." तो म्हणाला, "मग झाकण घट्ट लावा, नाहीतर प्रत्येकाचं तिकीट फाडावं लागेल."

घरी येऊन हौदात ताजं शेण भरलं, त्यावर रात्रीचं उरलेलं भरीत आणि ठेचा घातला, आणि पाहुण्यांना आत सोडलं. महिना मे, गाव जळगाव. तिसऱ्या दिवशी एकही पाहुणा शिल्लक नव्हता. सौ. म्हणाली, "अहो, या उन्हात, ताज्या शेणात, वर ठेचा! माणूससुद्धा टिकला नसता."

पश्चात्ताप म्हणून वाचायला बसलो. ताजं शेण कुजताना तापतं, ते आधी निववावं लागतं. गांडूळ कातडीने श्वास घेतं, म्हणून त्याला ओल हवी; मीठ, तेल, तिखट त्याला चालत नाही. शिवाय गांडुळांत जाती आहेत. काही मातीत खोल राहणारी, तर आयसेनिया फेटिडासारखी काही वरच्या कुजक्या पाल्यापाचोळ्यात रमणारी. खताला ही दुसरी लागतात. अण्णांची गांडुळं मातीतली. मी त्यांची बदली भलत्याच खात्यात केली होती!

याच वाचनात डार्विन भेटला. माकडांवरून प्रसिद्ध झालेल्या या गृहस्थाने लंडनच्या भूशास्त्र संस्थेत १८३७ साली गांडुळांवर निबंध वाचला आणि त्यांच्यावरचं पुस्तक काढलं १८८१ साली. पुढच्याच वर्षी तो वारला. घरातल्या कुंड्यांतल्या गांडुळांना त्याने शिट्टी, बासून आणि पियानो ऐकवला. गांडुळं ढिम्म! पण कुंडी पियानोवर ठेवून सूर वाजवल्यावर मात्र ती बिळात पळाली. कान नाहीत, पण हादरा कळतो. इंग्लंडात कित्येक ठिकाणी एकरी दहा टनांहून अधिक माती दरवर्षी त्यांच्या पोटातून जाऊन वर येते, असा त्याचा हिशेब होता.

आपल्या धुळ्यावरून आग्रा रोडने सरळ वर गेलं की इंदूर. तिथे १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड कंपोस्टची 'इंदूर पद्धत' बसवत होते. पालापाचोळा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर लावायचे, ते खालीवर करायचे, की तीन महिन्यांत खत. ते काम मुख्यतः बुरशी नि जिवाणूंचं. पण याच हॉवर्डसाहेबांनी १९४५ साली डार्विनच्या गांडूळ-पुस्तकाच्या नव्या आवृत्तीला प्रस्तावना लिहिली. इंदूर पद्धतीवरचं १९३१चं पुस्तक त्यांनी यशवंत वाड यांच्यासोबत लिहिलं होतं. हॉवर्डांचं नाव जगभर झालं. वाड मुखपृष्ठावरच राहिले. मला अण्णांची कचेरी आठवली. तिथेही फायली अण्णा तयार करायचे आणि सही साहेबाची असायची.

पावसाळ्यात योग्य जातीची गांडुळं विकत आणली. निंबाखाली हौद, निवलेलं शेण, केळीची वाळकी पानं (जळगावात त्यांना काय तोटा!) आणि वर ओलं गोणपाट. सौ. म्हणाली, "एवढी काळजी माझी कधी घेतली नाहीत." दोन-अडीच महिन्यांत चहाच्या भुकटीसारखं काळंभोर खत तयार झालं. पहिली ओंजळ धुळ्याहून आणून लावलेल्या अळूला घातली आणि मनात म्हटलं, "अण्णा, तुमचं बरोबर होतं."

एवढं म्हणायला मला चाळीस वर्षं लागली. पण डार्विनलाही चव्वेचाळीस लागली होती.