कर्ण्याचा खर्ज

तबकडीवरील कुत्र्याचे ते चित्र ज्याने पाहिलेले नाही, असा मराठी श्रोता विरळाच. पितळी कर्ण्याच्या तोंडाशी मान तिरपी करून बसलेला तो कुत्रा आपल्या धन्याचा आवाज ऐकत आहे, एवढे आपणा सर्वांना ठाऊक असते. परंतु त्या कर्ण्यातून त्याला धन्याचा सगळा आवाज ऐकू येत होता काय, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. मधले स्वर बरेचसे, वरचे थोडेफार आणि खर्ज जवळजवळ मुळीच नाही, असे त्या कर्ण्याचे देणे होते. हा उणा राहिलेला खर्ज मिळविण्यासाठी पुढे पाऊणशे-शंभर वर्षे जी खटपट झाली, तिची हकीगत मला सांगावयाची आहे. कर्ण्याच्या जातीचे ध्वनिक्षेपक घरी बाळगणारे हौशी लोक आज त्यांच्या जोडीला ‘सबवूफर’ नावाची खर्जाची स्वतंत्र पेटी आणून ठेवतात. त्या खटपटीतील हा अगदी अलीकडचा अध्याय आहे.

कर्णा कोणी शोभेसाठी बसविलेला नसे. ध्वनी निर्माण करणारा पडदा लहान असतो आणि हवा तर मोठी निसटती. बारीक काठीने नदीचे पाणी ढकलू पाहावे, तशी त्या पडद्याची गत होते. पाणी बाजूने निघून जाते आणि श्रम वाया जातात. कर्ण्याचा अरुंद गळा हवेला पडद्यासमोर धरून ठेवतो आणि हळूहळू रुंदावत तिला खोलीच्या स्वाधीन करतो. म्हणूनच किल्ली देऊन चालणारे यंत्र, विजेचा थेंबही न घेता, दिवाणखाना भरून टाकीत असे. मात्र या किमयेला एक अट आहे. स्वर जितका खालचा तितकी त्याची लाट लांब, आणि लाट जितकी लांब तितके कर्ण्याचे तोंड मोठे हवे. सेकंदाला ४० कंपने असलेल्या स्वराची लाट सुमारे २८ फूट लांब असते. मोकळ्या जागेत तो स्वर नीट उमटावा, तर कर्ण्याच्या तोंडाचा घेर जवळजवळ तेवढाच लागतो, म्हणजे नऊ फूट व्यासाचे तोंड! असा कर्णा घरात आणावयाचा तर आधी घरातले सामान नव्हे, घरच बाहेर काढावे लागेल.

ध्वनिमुद्रणाच्या आरंभकाळी तर गाणाऱ्यालाही कर्ण्यातच गावे लागे. त्या काळी पाश्चात्त्य वाद्यवृंदातील तंतुवाद्यांचा खर्ज मेणावर उमटेना, म्हणून पुष्कळदा त्यांच्या जागी ट्यूबा हे फुंकून वाजवावयाचे वाद्य बसवीत. व्हायोलिनलासुद्धा कर्णा जोडलेला असे. कर्ण्याचा आकार कसा असावा, हेही कारागिराच्या नजरेवरच चालले होते. वेबस्टर यांचे कर्ण्यासंबंधीचे समीकरण १९१९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि हॅना व स्लेपियन यांनी १९२४ मध्ये ध्वनिक्षेपकाच्या कर्ण्याचे गणित मांडले. १९२५ मध्ये विजेच्या साहाय्याने ध्वनिमुद्रण होऊ लागले. त्याच वर्षी राइस आणि केलॉग यांनी कर्ण्याविना, नुसत्या कागदी शंकूने बोलणारा ध्वनिक्षेपक जगापुढे ठेवला. आज घरोघरी दिसणारे ध्वनिक्षेपक बहुतेक त्याच वंशातले आहेत. तरीही चित्रगृहांनी कर्णा सोडला नाही, कारण त्या वेळचे अँप्लिफायर मोजक्या वॉटांचे असत आणि तेवढ्यात हजार माणसांना ऐकवावयाचे तर कर्ण्यावाचून गत्यंतर नव्हते. अमेरिकेत १९२६-२७ च्या सुमारास बोलपट आले, आपल्याकडे १९३१ मध्ये मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात ‘आलम आरा’ लागला, आणि कर्ण्याच्या मागे खर्जाचा प्रश्न पडद्यामागे जाऊन बसला.

यानंतरचा प्रसंग मला सर्वांत उद्बोधक वाटतो. २७ एप्रिल १९३३ रोजी बेल प्रयोगशाळेने फिलाडेल्फियात वाजणारा वाद्यवृंद तारेवरून वॉशिंग्टनच्या श्रोत्यांना ऐकविला. त्यासाठी आवाजाची वाटणी केलेली होती. खालचे स्वर एका मोठ्या, घड्या घातलेल्या लाकडी कर्ण्यातून आणि वरचे स्वर लहान कर्ण्यांतून येत. हॉलिवूडमधील तंत्रज्ञांनी अशी रचना चित्रगृहाच्या दृष्टीने तपासली, तेव्हा एक विचित्र गोष्ट घडली. एलेनॉर पॉवेल या नर्तकीचे टॅप नृत्य, म्हणजे बुटांच्या टाचा-चवड्यांनी लाकडी फरशीवर धरलेला ताल, पडद्यावर चालू होते. पाऊल एकदा पडताना दिसे, आणि आवाज मात्र दोनदा ऐकू येई. कारण साधे होते. खर्जाच्या कर्ण्याची वाट घड्यांमधून फिरून येणारी, सुमारे आठ फुटांनी अधिक लांब. ध्वनी सेकंदाला जवळजवळ ११३० फूट जातो, तेव्हा खर्ज सेकंदाचे सात सहस्रांश उशिरा पोचत असे. गाण्यात तो उशीर खपून गेला असता. नर्तकीच्या पावलांनी तो चव्हाट्यावर आणला.

मेट्रो-गोल्डविन-मेयरच्या ध्वनिविभागाचे प्रमुख डग्लस शिअरर आणि त्यांचे सहकारी जॉन हिलिअर्ड यांनी मग खर्जाचा कर्णाच आखूड केला आणि दोन्ही आवाजांची उगमस्थाने एका रेषेत आणली. या रचनेला १९३६ सालासाठी अकादमीचे तांत्रिक पारितोषिक मिळाले आणि चित्रगृहांचा आवाज तिने कित्येक वर्षे ठरविला. परंतु आखूड कर्णा म्हणजे उथळ खर्ज. सेकंदाला ५० कंपनांच्या खाली ही मंडळी फारशी उतरू शकली नाहीत. वेळ साधली आणि खोली गेली, असा तो व्यवहार होता. तो त्यांनी डोळे उघडे ठेवून केला, हे मला विशेष वाटते.

घरातील कर्ण्याची कथा वेगळ्या माणसापाशी जाते. पॉल क्लिप्श हे मूळचे अभियंते. तरुणपणी त्यांनी चिलीमध्ये रेल्वे इंजिनांची देखभाल केली, पुढे भूगर्भसंशोधनात काम केले, आणि दुसऱ्या महायुद्धात आर्कान्सॉ राज्यातील होप या लहानशा गावी, दारूगोळ्याच्या चाचणी केंद्रावर त्यांची नेमणूक झाली. बदलीच्या गावी माणसाला सुचते ते राजधानीत सुचत नाही, असा आम्हा नोकरदारांचा एक समज आहे. क्लिप्श यांचे उदाहरण त्याला बळकटी देते. नऊ फुटी तोंड घरात मावत नाही हे खरे, पण खोलीचा कोपरा हाच मुळी एक कर्णा आहे, हे त्यांनी हेरले. दोन भिंती आणि जमीन जिथे मिळतात तिथे पेटी ठेवली, की ध्वनीला पसरावयास मोकळ्या जागेचा आठवा हिस्साच उरतो, आणि कर्ण्याचे तोंडही त्याच प्रमाणात लहान चालते. उरलेला कर्णा घराच्या भिंतीच पुरवितात! १९४५ मध्ये त्यांना एकस्व मिळाले आणि १९४६ मध्ये त्यांनी होप येथेच कारखाना काढला. ‘क्लिप्शहॉर्न’ पस्तीसेक कंपनांपर्यंत खाली उतरतो, आणि क्लिप्श २००२ मध्ये वारल्यानंतरही त्याचे उत्पादन चालू राहिले. त्यांचे म्हणणे असे, की कर्ण्याचा गुण मोठ्या आवाजात नाही. पडद्याला फार हलावे लागत नाही आणि म्हणून स्वर विकृत होत नाही, यात आहे.

अडचण एवढीच, की प्रत्येक घराला दोन मोकळे कोपरे नसतात. क्लिप्श यांनीच १९६३ मध्ये ‘ला स्काला’ नावाचा आटोपशीर कर्णा केला, तो विन्थ्रॉप रॉकफेलर यांच्या निवडणूक प्रचारसभांसाठी. तो कोपरा मागत नाही, पण पन्नासाच्या आसपास थांबतो. दरम्यान १९५४ मध्ये एडगर व्हिल्चर यांच्या लहान बंद पेटीने उत्तम खर्ज देऊन दाखविला होता. ती वॉट मात्र भरमसाट खाई, आणि ट्रान्झिस्टरने वॉट स्वस्त केल्यावर तोही आक्षेप उरला नाही. लहान पेटी, खोल खर्ज आणि काटकसर, यांपैकी दोनच एका वेळी मिळतात, हा हॉफमन यांचा नियम याच सुमाराचा. पुढे १९७४ मध्ये ‘अर्थक्वेक’ या चित्रपटासाठी चित्रगृहांत भूकंपाचा खर्ज देणारे प्रचंड कर्णे बसविले गेले. हॉलिवूडच्या एका प्रसिद्ध चित्रगृहात तर छताचे तुकडे प्रेक्षकांवर पडू नयेत म्हणून जाळी बांधावी लागली. ‘सबवूफर’ हा शब्द हळूहळू घराघरांत शिरला तो या सुमारानंतर.

आता थोडे घरचे. माझ्याकडे अशाच, पन्नासाशी थांबणाऱ्या कर्ण्यांची एक जुनी जोडी आहे. दोन वर्षांपूर्वी मी तिच्यासोबत खर्जाची पेटी आणली आणि जागेअभावी माझ्या खुर्चीशेजारी ठेवली. कर्ण्यांनी थांबावे व पेटीने सुरू करावे ही सीमा मी १२० कंपनांवर बांधली; पैसे मोजले आहेत तर काम करून घ्यावे, असा हिशेब. पहिल्याच रात्री तबल्याने माझी फजिती केली. चाट समोरच्या भिंतीकडून आणि डग्ग्याचा घुमारा माझ्या कोपराशी, तोही किंचित आधी! एकाच माणसाचे दोन हात दोन खोल्यांत वाजत होते. एलेनॉर पॉवेलची पावले मला त्या रात्री खऱ्या अर्थाने कळली.

चूक आवाजाच्या मापात नव्हती, सीमेत आणि वेळेत होती. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तंबोऱ्याची खर्जाची तार सेकंदाला ६९ कंपनांवर बोलते. डग्गाही त्याच्याच आगेमागे असतो. म्हणजे हे सारे कर्ण्याच्याच अधिकारातले होते आणि मी ते विनाकारण दुसऱ्या खात्याकडे वर्ग केले होते. मी पेटी दोन कर्ण्यांच्या मध्ये नेली, सीमा साठाच्या खाली उतरविली, आणि कर्ण्याच्या घड्यांमधून येणाऱ्या खर्जाला वेळ मिळावा म्हणून पेटीला काही सहस्रांश सेकंद थांबवून धरले. हे आता एका बटणाने होते; शिअरर यांना त्यासाठी नवा कर्णा बांधावा लागला होता. सीमेखालचे स्वर कर्ण्याकडे जाऊ दिले नाहीत, हेही बरे झाले. तिथे हवा कर्ण्याच्या पकडीत राहत नाही आणि पडदा व्यर्थ झोके घेत सुटतो.

डग्गा त्याच रात्री स्वगृही परतला. ऑर्गनच्या सोळा फुटी नळीचा ३२ कंपनांचा स्वर वाजला, की पेटी आपले काम चोख करते. पण रविवारी सकाळी ख्याल लावला, की माझी मुलगी पेटीवर तळहात ठेवून पाहते आणि ती चालू आहे ना, असे दर वेळी विचारते.